मजकूर निवडा

वेबपानांची कामं करून करून मला 'सिलेक्शन' या शब्दाचाच वीट आलाय. माणूस पडद्यावर बोट ओढतो, अक्षरं निळी होतात; त्याने नेमकं काय धरलं, हे कोडला समजावत बसायचं. त्यात देवनागरी. अक्षरं मोजून तोडायला जावं, तर 'की'मधला क एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे.

दिवसभर हेच, आणि वर घरचंही मी अंगावर ओढून घेतलं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिला आजीची हकिगत आजीच्याच शब्दांत हवी झाली. आई नाचणगावला राहते. भाजीपाला पिकवण्यात तिचा जन्म गेला. ती फोनमध्ये बोलत गेली, फोन लिहीत गेला. पाल्हाळ एवढं झालं की मी ते धड वाचलंही नाही. सरळ एक पान केलं: हव्या त्या ओळींवर बोट ओढायचं, बटण दाबायचं, तेवढ्या राहतील, बाकीच्या जातील. वर ठळक लिहिलं, 'मजकूर निवडा'.

तर बटणाला बोट लागलं की निवडच पुसली जायची. ती आधीच जपून ठेवायची सोय करण्यात अख्खा रविवार गेला. नंतर पुलगावला उतरून आईकडे पोचले, तेव्हा अंगात त्राण नव्हतं.

आईने चष्मा लावला, खाटेवर बसून मन लावून बोट ओढलं आणि बटण दाबलं. बघते तर वावराच्या, जत्रेच्या, माझ्या बारशाच्या ओळी गायब. उरलं होतं एवढंच: 'लगन झालं तं वर्षभर माहेरी जाऊ देलं नाई. मायच्या मातीले बी नाई. घरात रडाले जागा नव्हती. वांग्याच्या वावरात बसून रडत होती.'

मी वैतागले. "अवं आई, हे काय ठेवलं तू?"

"ठेवलं कुठं? तूच तं लिहलं, निवडा. मी खडे निवडले."

डाळ निवडताना हात खड्यालाच जातो, आणि तो फेकायचाच असतो. तिचं काय चुकलं? मला हसू आलं. मग त्या ओळी पुन्हा वाचल्या. हे ती मला कधीच बोलली नव्हती.

"काऊन फेकून राह्यली वं? खरं आहे ना?"

"खरंच आहे. पण नव्या नवरीच्या दाताखाली खडा कायले?"

कोडची एक ओळ उलटी करायची होती. निवडलेलं ठेवायच्या ऐवजी काढायचं, बस. ती केली. बटण दाबण्याआधी मी विचारलं, "मी ठेवू का हे, माह्यापाशी?"

आई पदराने चष्मा पुसत होती.

"ठेव. तवा तू पोटातच होती माह्या. तुले काय नवं आहे ते."