आईच्या नावाचे पॉइंट

क्रेडिट कार्ड निवडायला मला अडीच महिने लागले. कुणी हसेल, पण आमच्या घरात त्याआधी बँकेचं पासबुक सोडून दुसरं काही आलं नव्हतं, आणि मला चूक करायची नव्हती. तेव्हा मी जुन्नरला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. दुपारचे तास संपले की ग्रंथालयातल्या संगणकासमोर बसायचे आणि वहीच्या शेवटच्या पानावर एकेका कार्डाची माहिती उतरवून घ्यायचे. नावं सारखीच वाटायची, म्हणून मी रंग लिहायची. निळ्यावर पेट्रोलला सूट होती. आमच्याकडे गाडी नाही. लालवर महिन्याला सिनेमाचं एक तिकीट फुकट होतं. राखाडीवर प्रवासाचे पॉइंट मिळत होते. शंभर रुपये खर्च केले की दोन पॉइंट, आणि विमानाचं तिकीट काढताना एका पॉइंटचा एक रुपया धरायचे. मुदत दोन वर्षं. ‘मुदत’ या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या होत्या.

मला विमानच हवं होतं, कारण आईला गाडी लागते. तळेघरहून घोडेगावला उतरताना डिंभ्याच्या धरणाकडेच्या वळणांवर ती लिंबू नाकाशी धरून, डोळे मिटून बसते आणि उतरल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत नाही. आणि माझी आक्का लग्न होऊन आसामात गेली होती. दाजी फौजेत आहेत, त्यांना तिकडे क्वार्टर मिळालं. रेल्वेने तीन दिवस. आईला तीन दिवस गाडीत बसवायचा विचारही मी करू शकत नव्हते.

आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आम्ही दोघी उन्हाळ्यात हिरडा गोळा करायचो. ती झाडावर चढून फांदी हलवायची, मी खाली वेचायची, मग अंगणात वाळवून घोडेगावच्या बाजारात विकायचा. त्या पैशांतला तिचा वाटा तिने लग्नात घेतला नाही. “तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. कायतरी चांगलं कर त्याचं,” एवढंच म्हणाली. मी शिकत असल्यामुळे बँक मला नुसतं कार्ड देत नव्हती, ठेव ठेवली तर देणार होती. मी हिरड्याच्या पैशांची ठेव केली. आक्काच्या पैशातून आक्काकडे जायचं, हे मला तेव्हा फार योग्य वाटलं. अजूनही वाटतं.

खर्च करायला माझ्याकडे पैसे कुठले असणार? मग मी दुसऱ्यांचा खर्च माझ्या कार्डावर घ्यायला लागले. खोलीवरच्या मुलींची परीक्षा फी मी भरायची, त्या मला रोख द्यायच्या. शनिवारी गावी गेले की कुणाचं मोबाइलचं रिचार्ज, कुणाच्या म्हाताऱ्याची औषधं, भाताचं बियाणं. हातात आलेली रोख सोमवारी बँकेत भरायची, तारीख चुकू द्यायची नाही. वाडीत मला ‘पॉइंटवाली’ म्हणायला लागले. शेजारचे काका पारावरून ओरडायचे, “ये पॉइंटवाले, माजं बी रिचार्ज मार! आसामला गेलीस की तितनं माज्यासाठी चहा आण, लई नावाजलेला आस्तो म्हणं!”

आसामला जायचंय हे वाडीत सगळ्यांना माहीत होतं. आईला मात्र मी सांगितलं नव्हतं. पॉइंट पुरेसे झाले की एकदम सांगू, असं ठरवलं होतं. कधी सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, तिचा चेहरा कसा होईल, हे मी मनात इतक्यांदा करून पाहिलं होतं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं. काकांनाही बजावून ठेवलं होतं, आईसमोर बोलायचं नाही.

दोन्ही वेळच्या जेवणाला माणूस आठवतो म्हणजे काय, ते त्या दीड वर्षात मी आईकडे बघून शिकले. भाकरी थापताना ती एक जास्तीची थापायची, मग थांबायची, आणि ती भाकरी झाकून ठेवायची. गावात रेंज फक्त शाळेमागच्या कातळावर येते. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिथे जाऊन बसायचो. आक्का मोबाइलमध्ये दिसायची. तिच्या मागे हिरवी भिंत आणि एक कॅलेंडर. आई मोबाइल हातात घेऊन विचारायची, “जेवली का?” उत्तर मिळालं की पुन्हा तेच विचारायची. तिला दुसरं काही सुचायचंच नाही. परत येताना मी मनातल्या मनात पॉइंट मोजायची.

मग मामाच्या मुलीचं लग्न ठरलं आणि बस्ता निघाला. लग्नाच्या सगळ्या साड्या, टॉवेल-टोप्या, मानपानाचे कपडे एकाच दुकानात, एकाच बैठकीत घ्यायचे, त्याला आमच्याकडे बस्ता म्हणतात. घोडेगावच्या पेठेत मारवाडी शेठचं दुकान आहे, मामाच्या घरचे बस्ते तिथेच होतात. मी मामाला आधीच पटवलं होतं की निम्मं बिल माझ्या कार्डावर घ्यायचं आणि तेवढी रोख त्याने मला द्यायची. एवढा मोठा खर्च मी कार्डावर कधी केला नव्हता. राहिलेले पॉइंट जवळजवळ त्या एका दिवसात भरले असते.

गादीवर साड्यांचा ढीग पडला होता. आई आणि मामी पदर ओढून ओढून बघत होत्या. मी हळूच शेठकडे गेले आणि कार्ड पुढे केलं.

“मशीनचे दोन टक्के वर लागतील,” शेठ म्हणाले.

माझं तोंड उतरलं. दोन टक्के म्हणजे मला मिळणारे सगळे पॉइंट. मी अडखळत त्यांना पॉइंटचं, तिकिटाचं सगळं सांगितलं.

ते हसले. “म्हणजे विमान तुझं आणि पेट्रोल माझं? बरं, बरं. इतकी वर्षं गिऱ्हाईक आहात, नाही घेत दोन टक्के. कुणाला बसवतेस विमानात?”

“आईला. आक्काकडे न्यायचंय.”

शेठनी चष्मा वर केला. “तुझ्या ताईला मूलबाळ आहे का?”

“नाही अजून.”

“मग आई जाईल का? आमच्यात तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. तुमच्यातही मूल होईपर्यंत नाही ना घेत? विचारलंस का तिला?”

ते मोठ्याने बोलले नव्हते, पण साड्या बघणाऱ्या बायकांचे कान तीक्ष्ण असतात. आईने मान वर केली.

“कुटं जायाचंय मला?”

सगळ्यांसमोर सांगावं लागलं. मनात ठरवलेल्या शब्दांतला एकही आठवला नाही. आई ऐकत होती, हातातला पदर तसाच धरून.

“आन तितं मी खाऊ काय? प्याचं काय?” ती म्हणाली. “तिला मूल व्हईस्तवर मला तिच्या घरचं चालत न्हाई, ठावं न्हाई का तुला?”

“वन्सं, चार दिसाच्या भाकऱ्या बांदून न्या की,” मामी म्हणाली. “विमानात पाणी बी देत्यात म्हणं, बाटल्या भरून घ्या!”

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली, पण ओठांनीच. मग तिने तो पदर घडी करून ठेवला आणि दुसरी साडी ओढली.

मला ही रीत माहीत होती. लहानपणापासून माहीत होती. आईच्या लग्नानंतरची पहिली वर्षं, आक्का होईपर्यंत, आईचे वडील आमच्याकडे आले की शेजारच्या घरी पाणी प्यायचे, हे मी शंभरदा ऐकलं होतं. कार्डाची फी, मुदत, किती खर्चावर माफी, सगळं मी विचारलं. जिला न्यायचं तिला विचारलं नाही. कॉलेजात बसून कार्ड निवडताना मी आईची लेक नव्हते, कुणीतरी दुसरीच होते, असं मला बस्त्याच्या दिवशी वाटलं.

बिल झालं. कार्ड मशीनला लागलं, पॉइंट आले. ते कशाला, ते मात्र मला कळत नव्हतं.

पुढचे काही महिने ते तसेच पडून राहिले. पहिल्या पॉइंटची मुदत जवळ यायला लागली. ॲप मला आठवण करून द्यायचं, की मिक्सर घ्या, हेडफोन घ्या. मी काही घेतलं नाही. आईशी त्यावर बोलणंही झालं नाही. फक्त एकदा कातळावरून उतरताना ती म्हणाली, “तुजं मन मोडलं ना गं मी?” मी नाही म्हणाले.

मग एका रविवारी मोबाइलमधली आक्का काही न बोलता नुसती हसत राहिली आणि आईला कळलं. मला थोडा वेळ लागला.

पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात कुणाचं दुमत नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरने रेल्वेचा लांबचा प्रवास करू नका म्हणून सांगितलं. विमानाने, सातव्या महिन्याच्या आत, चिठ्ठी घेऊन चालेल. दाजी फोनवर तिकिटाच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होते आणि मला एकदम उमगलं. मी सगळे पॉइंट जाण्यासाठी जमवले होते. येण्यासाठीही ते चालत होते.

ग्रंथालयातल्या त्याच संगणकावर मी तिकीट काढलं. गुवाहाटी ते पुणे, प्रवासी एक. आईच्या नावाने जमवलेल्या पॉइंटवर आक्काचं नाव टाकलं. कराचे थोडे पैसे वेगळे भरले. पॉइंट उरले अकरा.

आई पुण्याला आली, पूर्ण रस्ताभर लिंबू नाकाशी धरून. विमानतळाबाहेर कठड्याला टेकून ती उभी राहिली. माणसं बाहेर येत होती, गाड्या ढकलत, आणि ती प्रत्येक बाईकडे बघत होती. आक्का बाहेर आली तेव्हा आईने काहीच विचारलं नाही. जेवलीस का, तेही नाही.

मुलगी झाली. सहा महिने आमच्या घरात माणसांचा आवाज होता. मग दाजी सुट्टी काढून आले आणि दोघींना घेऊन गेले. गाडी वळणाआड गेल्यावर आई अंगणात वाळत घातलेली दुपटी काढायला गेली आणि दोरी रिकामी असल्याचं पाहून तशीच उभी राहिली. दुपटी आक्काने सकाळीच भरली होती.

आता मी एम.ए.ला आहे. गेल्या शनिवारी आईबरोबर घोडेगावला गेले होते. तिला घरात घालायला एक साधी साडी हवी होती. शेठनी बिल केलं. आईने कमरेची पिशवी काढली, नोटा माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाली, “शेठ, हिच्या कार्डावर घ्या.” मग जरा दमाने, “दोन टक्के लावू नका.”

परतीच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली होती, डोळे मिटून, लिंबू हातात. धरणाचं पाणी संपून चढ लागला. ती झोपली असेल असं मला वाटलं.

“आता चालतंय मला तिच्या घरचं,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“हो.”

“किती झालं तुजं पॉइंट?”

“थोडेच आहेत गं. वेळ लागेल.”

बऱ्याच वेळाने, तळेघर जवळ आल्यावर, तिने विचारलं, “तितलं पाणी कसं आसंल गं चवीला?”