उस्तादांचा बोल्ट

उस्ताद बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. जालन्याला राखीव पोलिसांत भरती होऊन मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधीच ते म्हणाले, "अंगठी काढ. नखं काप. मंग ये."

अंबडचे हे गृहस्थ आमच्या कोतीचे, म्हणजे शस्त्रागाराचे, कारभारी. एसएलआर रायफल त्यांच्या लेखी नाजूक तब्येतीची लेक होती आणि गोळी नळीत ढकलणारा बोल्ट तिची जिगर. "नळी कोनीबी चमकवतंय. जिगर साफ पाहिजे." गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून आत गोळी नाही हे डोळ्यांनी बघायचं, वर करंगळीने चाचपायचं, मगच रायफल उघडायची. घाई करणाऱ्याला ते म्हणत, "जल्दी हाये तर अंबडची येस्टी पकड."

तेलाच्या बाबतीत मात्र महाकंजूस. आमच्याकडे उन्हाळ्यात वावटळ सुटली की धूळ पिठाच्या डब्यातही शिरते. तेलकट बोल्टवर ती बसली की चिखल होतो आणि ऐन वेळी रायफल अडते. आम्ही नवखे डोक्याला चोपडावं तसं तेल थापायचो. "बोटाला कळावं, डोळ्याला दिसू न्हाई," म्हणत ते स्वतः चिंधी घेऊन पुसायला बसत. एकदा शेजारी बसलेल्या दोघांनी साफसफाईत नकळत बोल्टची अदलाबदल केली. ज्याचा बोल्ट त्याच्याच रायफलीत हवा, दुसरीत तो बसला तरी भरवसा नाही. उस्ताद ओरडले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्याची चप्पल घालून गेलास तर लोक हसतेत. हे घेऊन गेलास तर घरचे रडतेत." त्या दुपारी दोघांनाही जेवण गेलं नाही.

खंडेनवमीच्या शस्त्रपूजेला झेंडूची फुलं उस्तादच आणत. एका वर्षी कुणीतरी भक्तीच्या भरात थेट बोल्टवर हळद-कुंकू वाहिलं, वर नारळाचं पाणी शिंपडलं. पुढच्या वर्षी उस्ताद टोपी सारखी करून साहेबांपुढे गेले. "साहेब, कुंकू दस्त्याच्या लाकडावर लावा. देवीला तिथूनबी बराबर पोचतंय." साहेब खो खो हसले. तेव्हापासून आमच्यात कुंकू लाकडालाच लागतं.

ते निवृत्त झाले आणि कोत माझ्याकडे आली. बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. म्हणून ते गेटबाहेरच्या टपरीवर बसत आणि नातवंडांची खुशाली विचारावी तसं विचारत, "बोल्ट कसे हायेत?" मी एकेकाची खबर द्यायचो. मग जुन्या रायफली परत जमा करायचा हुकूम आला. ते सांगितलं तेव्हा उस्तादांनी चहाचा कप खाली ठेवला. "एकडाव हातात भेटंल का रे?" मी साहेबांकडे गेलो, त्यांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. साहेब म्हणाले, "पूजेला बोलवा. रिकामी रायफल उघडू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा."

उस्ताद इस्त्रीचा कुडता घालून आले. रायफल रिकामी असल्याचं मी बघितलं, पुन्हा त्यांनी बघितलं. बोल्ट काढला, पुसला, तेलाचं बोट फिरवलं. सगळं अगदी पूर्वीसारखं. बसवताना मात्र नेम चुकला. बोल्ट कडेला आपटला. परत आपटला. मी हात पुढे केला.

"थांब."

त्यांनी आणखी एकदा करून पाहिलं. मग बोल्ट चिंधीसकट माझ्या तळहातावर ठेवला. "तू बसव, बेटा. ती आता मला वळखून न्हाई राह्यली."

मी बसवला. पहिल्याच खेपेला बसला. पुढे रायफली गेल्या, त्याच थंडीत उस्तादही गेले. त्या दिवशी तो माझ्याही हातून अडला असता तर किती बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.