डोळे कसे होते, सांगा

स्टुडिओवाले आबा फोटो बघायचे नाहीत, ऐकायचे. मी कॅमेरा पुढे धरला की ते मान दुसरीकडे वळवून म्हणत, "दाखवू नको. आधी सांग." आता फोटो ही काय सांगायची गोष्ट आहे? "स्टूल आहे, स्टुलावर तांब्या आहे," मी चाचरत म्हणायची. "तांब्यावर उजेड कुठल्या बाजूनं आलाय?" मी कॅमेऱ्यात डोकावायला लागायची. "म्हणजे तू बघितलंच नाहीस, नुसतं बटण दाबलंस." संपला तास! पहिल्या दिवशी संगमनेरच्या बसस्थानकापर्यंत मी स्वतःलाच शिव्या देत चालत आले.

मुळात मी काळजीखोर. दूध संघाच्या कचेरीत वीस वर्षं झाली, तरी साहेबांपुढे सहीला कागद ठेवण्याआधी मी तो तीनदा तपासते. भाच्यानं नवा कॅमेरा घेतला आणि जुना डिजिटल मला दिला, तेव्हा आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. त्यावर एक चकती होती, चकतीवर इंग्रजी अक्षरं. चुकीचं काही फिरवलं आणि बिघडला तर? महिनाभर तो कपाटात साड्यांच्या घडीत पडून होता. मग डॉक्टरांनी आईच्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं ऑपरेशन सांगितलं. पुण्यात, पुढच्या महिन्यात. त्याच संध्याकाळी मी कॅमेरा बाहेर काढला.

त्याला कारण होतं. बावीस वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. थोरल्या काकांनी कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो शोधला आणि दहाव्याच्या आत त्यातला वडिलांचा चेहरा मोठा करून आणला. फोटो भिंतीवर लागला. आई त्याला हार घालायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "हे न्हाईत ते." बस्स, एवढंच. आईच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. पण ऑपरेशनच्या आधी तुझा चांगला फोटो हवाय, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार?

शिकायचं कुठे, हा दुसरा घोर. पुण्याच्या एका वर्गाला फोन केला, तर त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं, "लेन्स कुठली आहे?" मी घाबरून फोन ठेवला. यूट्यूबवरचे सर इतके भरभर बोलायचे की मी वहीत लिहीपर्यंत ते तीन बटणं पुढे गेलेले असायचे. गावातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्यानं सांगितलं, "आम्ही फोटो काढायला नाही, सुधारायला शिकवतो." शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकानं पत्ता दिला. "ताई, ऑटोवर ठेवा अन् दाबा की! आणि शिकायचंच असंल तर आबांकडं जा. पण ते लई डोकं खातात."

आबा ऐंशीच्या घरातले. स्टुडिओ कधीचाच बंद झाला होता, पण पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा अजून टांगलेला होता, त्यावर एक कारंजं आणि दोन हंस. माझी चकती त्यांनी ऑटोवर नेली आणि वर चिकटपट्टी लावून टाकली. "हे नंतर." मग तांब्या. मग खिडकी. मग शेजारच्या काकूंचा हात, नुसता हात. रोज काढायचा आणि रोज सांगायचा. इकडे कॅलेंडरवरची तारीख जवळ येत होती, माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हे गृहस्थ मला काकूंच्या बांगड्या मोजायला लावत होते.

एक दिवस माझा तोल गेला. "आबा, माझ्याकडं अकरा दिवस राहिलेत!" असं ओरडले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. आईचं ऑपरेशन, वडिलांचा फोटो, "हे न्हाईत ते". आबा शांतपणे म्हणाले, "तो फोटो आण बघू." काच पुसून आणते, अशी आईला थाप मारून मी दुसऱ्या दिवशी फ्रेम पिशवीत घालून नेली. आबांनी ती हातात घेतली, उलटी केली. मागे त्यांच्याच स्टुडिओचा शिक्का होता.

शिक्क्यावरून त्यांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मूळ फोटोत ह्यांचे डोळे मिटलेले होते. उघडे मी रंगवले."

मी फ्रेम त्यांच्या हातातून घेऊन सुलटी केली.

"लोक असलेच फोटो आणायचे, पोरी. पापणी मिटलेली, नाहीतर मान वळलेली. मी विचारायचो, डोळे कसे होते, सांगा. ढसाढसा रडायचे, पण सांगता यायचं नाही कुणाला. तुझ्या काकांनाही आलं नाही. मग मी आरशासमोर बसून माझेच डोळे रंगवायचो. तुमच्या भिंतीवर बावीस वर्षं मीच बघतोय."

मला संतापच यायला हवा होता. पण त्याच क्षणी मी वडिलांचे डोळे आठवायचा प्रयत्न केला, आणि मलाही आठवेनात. त्यांची टोपी आठवली, हातातलं घड्याळ आठवलं, डोळे नाही. इतकी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्या रविवारी मी आईला दाराजवळ बसवलं. कॅमेरा बघताच तिनं पदर ओढला, मान ताठ केली आणि रेशनकार्डावरच्यासारखा चेहरा केला. "हाराचा फोटू काढतीस व्हय?" ती म्हणाली. "मला काय समजत न्हाई व्हय गं?" मी कॅमेरा खाली ठेवून रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "उठ, डोळं पूस. काढायचाच तर नीट काढ. त्यांच्यावानी नको करू माझं." मी बटण दाबलं नाही. आधी मनातल्या मनात आबांना सांगायला लागले. उजेड डावीकडून आलाय. उजवी पापणी जराशी खाली आहे. बुबुळ तपकिरी, आणि त्याच्या कडेला निळसर कड. सत्तेचाळीस वर्षं ह्या बाईच्या हातचं खाल्लं, आणि ही कड मी आज बघत होते.

आईचा फोटो घेऊन गेले तेव्हा आबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग पहिल्यांदाच म्हणाले, "आता दाखव." चष्मा कपाळावर सरकवून, कॅमेरा अगदी नाकाशी नेऊन त्यांनी फोटो बघितला. "ह्याला ब्रश लागायचा नाही," म्हणाले, आणि लगेच चप्पल शोधायला लागले. "चल, तुझ्या आईकडं."

रंगांची जुनी डबी मांडीवर घेऊन आबा आमच्या ओसरीवर बसले. "आई, चूक झाली माझी," ते म्हणाले. माझी आई त्यांच्याहून लहान, तरी ते आईच म्हणाले. "तेव्हा तुम्हांला विचारायला पाहिजे होतं. डोळे कसे होते, सांगा."

"मी आत बसलेली हुते," आई म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाई." आणि मग ती सांगायला लागली. बारीक होते. कोपरे खाली उतरलेले. हसायच्या आधी डावा डोळा हसायचा, तोंड मागनं. एकदाही अडली नाही. फ्रेमची काच काढून आबा डावा डोळा नव्यानं रंगवायला लागले. एकेका रेघेला ते थांबत, श्वास घेत, पुन्हा वाकत. तासाभरात डावा डोळा झाला. आईनं फोटो हातात घेतला, आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "उजवा आठ दिवसांनी करतो," आबा डबी मिटत म्हणाले. "हात थकला."

आठ दिवसांनी आम्ही पुण्यात होतो. ऑपरेशन होईपर्यंत मी दवाखान्याच्या जिन्यात बसून होते, कॅमेरा पोटाशी धरून. आई त्यातून बरी झाली, नर्सबाईंना रागावण्याइतकी बरी झाली. महिन्यानं घरी आलो आणि पेढे घेऊन मी आबांकडे गेले, तर दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, आबा बारा दिवसांपूर्वी झोपेतच गेले. पेढे मी काकूंच्याच हातात दिले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

परवा भाचा आला होता. फोटो बघून म्हणाला, "मावशी, आजोबांचे दोन डोळे दोन तऱ्हेचे झालेत गं. कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत उजवा डाव्यासारखा करून देतो."

आई हार घालत होती. हल्ली ती फोटोकडे बघून हार घालते.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तो आबांचा हाय."