मेस्त्रींची भिंत आणि राजोडीची ओहोटी

आमच्या मेस्त्रींनी मोडलेला भाग कधी फेकला नाही. निर्मळहून सोपाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, केळीच्या वाडीला लागून त्यांचे गॅरेज होते. त्याच्या आतल्या भिंतीवर फुटके पिस्टन, वाकलेले रॉड, जळालेली गॅसकेट खिळ्यांना ओळीने टांगलेली असत आणि प्रत्येकाखाली खडूने एकेक ओळ लिहिलेली असे. ‘तेल वेळेवर बघितलं नाय.’ ‘बोल्ट घाईत आवळला.’ ‘पोरीच्या लग्नाच्या गडबडीत बांधलं.’ नवे गिऱ्हाईक ती भिंत वाचून दबकत असे. मेस्त्रींना त्याचे काही वाटत नसे. ते म्हणत, “वांद्र्याच्या मावलीला लोक नवसाचे मेणाचे हातपाय वाहतात ना गुरुजी? हे आमच्या इंजिनाचे.”

मी शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि पंचक्रोशीतल्या हिंदू घरांतून मुहूर्त विचारायला लोक माझ्याकडे येत. मेस्त्री ख्रिस्ती, दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून चर्चला जाणारे. त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते प्रथम माझ्या ओटीवर आले, तेव्हा मला नवल वाटले. चप्पल पायरीखाली काढून त्यांनी विचारले, “गुरुजी, तुमच्या पंचांगात बघून सांगा, राजोडीला पानी सगळ्यात लांब कधी जाईल?”

तिथीवरून भरती-ओहोटी काढण्याचा हिशेब सोपा आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला पहाटे सहाच्या सुमारास राजोडीच्या किनाऱ्यावरून समुद्र फार मागे हटतो आणि ओली वाळू फरसबंदीसारखी टणक होते. मेस्त्रींना तीच वाळू हवी होती. वांद्र्याच्या एका डॉक्टरांची शर्यतीची गाडी त्यांच्याकडे होती आणि तिला वेगात पळवून पाहता येईल असा सरळ, मोकळा रस्ता आमच्या भागात दुसरा नव्हता.

त्या गाडीच्या इंजिनावर मेस्त्रींनी सुपरचार्जर चढवला होता. इंजिन आपल्या ताकदीने जेवढी हवा ओढते, त्याहून अधिक हवा दाबून आत भरणारे हे यंत्र. त्यांनी ते मुंबईच्या भंगारातून शोधून आणले होते आणि सोप्या भाषेत त्याला ते ‘भाता’ म्हणत. भाता फुंकू लागला की साध्या इंजिनात दीडपट जोर येई. पण तो जोर सोसायला त्याचे अवयव घडलेले नव्हते. प्राणायामात कुंभकाचा अधिकार क्रमाक्रमाने मिळवावा लागतो, असे आमची शास्त्रे सांगतात. मी हे मेस्त्रींना सांगितले तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, “तोच क्रम चाललाय गुरुजी. आतापर्यंत तीनदा जीव गेला.”

खरोखरच तीनदा गेला होता. पहिल्या वर्षी हेडचे गॅसकेट उडाले. दुसऱ्या वर्षी रॉड तुटून इंजिनाची कूस फाडून बाहेर आला. तिसऱ्या वर्षी बेअरिंग वितळले. दरवर्षी हिवाळा सरताना मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. दरवर्षी गाडी ट्रकवर चढून ऐटीत जाई आणि अर्ध्या शर्यतीत बंद पडून परत येई. मग मेस्त्री इंजिन उतरवीत, गोणपाटावर एकेक भाग डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडीत आणि पहिल्यापासून बांधायला घेत. त्यांच्या पत्नी रोझबाय मला चहा देताना म्हणत, “आमच्याकडे लग्नाचं जेवनसुद्धा एवढ्या वेळा मांडलं नसेल, गुरुजी.”

राजोडीच्या कोळ्यांना तर ही चाचणी म्हणजे तमाशाच होता. “ओ मेस्त्री, आज कुठलं हाड मोडनार?” असे कुणी होडीवरून ओरडे. दुसरा म्हणे, “बैल जुंपून ठेवलेत हा, परत न्यायला!” मेस्त्री हात वर करून हसत आणि उत्तर देत, “ठेव रे बाबा, लागतील कदाचित.” त्यांना चिडलेले मी पाहिले नाही. अपयशाची त्यांनी लाज मानली नाही आणि कौतुकही केले नाही. ते त्याला नीट वाचत. तापलेला प्लग इंजिनातून काढून ते उजेडात धरीत आणि त्याच्या रंगावरून आत काय घडले ते सांगत. काळा असेल तर पेट्रोल जास्त झाले. पांढरा असेल तर कमी पडते आहे, आणि भात्याच्या इंजिनात पेट्रोल कमी पडले की पिस्टन वितळतो.

चौथ्या वर्षी माझ्या हातून जे झाले ते आता सांगतो.

त्या वर्षी गाडी निघण्याआधी मेस्त्री तिथी विचारायला आले. मी त्यांना पौर्णिमेची ओहोटी सांगितली आणि आपण होऊन पुढे म्हणालो, “मेस्त्री, तीन वर्षे अपयश येते आहे. या वेळी प्रस्थान मुहूर्तावर करा. दशमीची सकाळ उत्तम आहे. पौर्णिमेला भद्रा आहे आणि नंतरचे दोन दिवसही चांगले नाहीत.”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. “पौर्णिमेला राजोडी करून मग निघालो तर?”

“माझे ऐकाल तर दशमी सोडू नका.”

“तुमचा शब्द हाय,” ते म्हणाले. “मग दशमीलाच निघू.”

दशमीला ट्रक निघाला. मी नारळ वाढवला, रोझबायनी सुकाणूला जपमाळ गुंडाळली. पंधरवड्याने गाडी परत आली ती पिस्टनला रुपयाएवढे भोक पडून. मी समजूत घालायला गेलो आणि म्हणालो, “प्रारब्धापुढे इलाज नाही, मेस्त्री.” ते मान खाली घालून बोल्ट सोडवीत होते. “प्रारब्ध नाय गुरुजी,” ते हळूच म्हणाले, “पेट्रोल कमी पडलं.” त्या वेळी त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही.

काही दिवसांनी गॅरेजात गेलो असता तो पिस्टन भिंतीवर टांगलेला दिसला. खाली लिहिले होते, ‘राजोडी चुकवली.’

मी ते दोनदा वाचले. पौर्णिमेच्या वाळूवर गाडी पळाली असती, तर प्लग पांढरा निघाला असता आणि भोक पडण्याआधीच दोष सापडला असता. ती चाचणी माझ्या मुहूर्तापायी राहिली होती. मी म्हणालो, “मेस्त्री, ही चूक माझी आहे. इथे माझे नाव लिहा.”

“कशाला?” त्यांनी हात पुसले. “तुम्ही तिथी सांगितली. इंजिन मी बांधलं. नाय म्हनायला तोंड होतं ना मला? तुमचं मन मोडायला नको वाटलं, म्हनून गप बसलो. ती माझी चूक.”

चार दशके मी विद्यार्थ्यांना सत्य या विषयावर सुभाषिते शिकविली. त्या दिवशी खडूच्या एका ओळीने मला त्यांचा अर्थ शिकविला.

पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की ही शेवटची वेळ. या खेपेस गाडी सगळ्या फेऱ्या पुऱ्या न करता थांबली, तर भाता काढून टाकायचा आणि गाडी विकायची. मेस्त्रींनी पाच वर्षे त्या भात्यावर आपला शब्द पणाला लावला होता. ते माझ्याकडे आले, पण मुहूर्त विचारीनात. मी पंचांग उघडून म्हणालो, “पौर्णिमेला पहाटे सहाला ओहोटी. मी तुमच्याबरोबर येतो.” मग ते म्हणाले, “आनि निघायचं कधी?” पौर्णिमेच्या पानावर या वर्षीही भद्रा होती, ते मी पाहिले होते. “इंजिन सांगेल तेव्हा,” मी म्हणालो.

त्या पहाटे राजोडीला गार वारा होता. पहिल्या धावेनंतर प्लग पांढरा निघाला. मेस्त्रींनी वाळूवर गोणपाट पसरून पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, म्हणजे जेट, बदलून मोठ्या भोकाचा घातला. पुन्हा गाडी गेली. प्लग अजून फिका. पुन्हा जेट बदलला. तोवर पाणी चढू लागले होते आणि कोळी ओरडत होते, “आटपा, नायतर गाडीला वल्हं लावा!” तिसऱ्या धावेनंतर मेस्त्रींनी तपकिरी झालेला प्लग सूर्याकडे धरला आणि मला हाक मारली. “बघा गुरुजी. सुकेळीचा रंग. बरोबर शिजलंय.”

ट्रक त्याच दुपारी निघाला, भद्रा असो की आणखी काही असो. मी नारळ वाढवला नाही. केवळ सुकेळींचा, आमच्याकडच्या वाळवलेल्या केळ्यांचा, एक पुडा मेस्त्रींच्या हाती दिला.

दहा दिवसांनी पोस्टकार्ड आले. मेस्त्रींचे अक्षर मोठे आणि सरळ होते. ‘गाडी सगळ्या फेऱ्या फिरली. मागून दुसरी आली. स्वतःच्या चाकावर ट्रकमध्ये चढली. रोझला सांगा, इंजिन उतरवायचं नाय.’ ते कार्ड घेऊन मी गॅरेजात गेलो आणि रोझबायना वाचून दाखविले. त्यांनी ते माझ्याकडून आणखी दोनदा वाचून घेतले. मग राजोडीपर्यंत ही बातमी पोचायला संध्याकाळही लागली नाही. आपल्या गावच्या गाडीने शर्यत पुरी केली, हे कोळी असे सांगत, जणू ती पहिलीच आली होती. खरे सांगायचे तर मीही तसेच सांगत असे, आजही सांगतो.

मेस्त्रींनी परत येऊन भिंतीवर एक नवा खिळा ठोकला आणि तो मोकळा ठेवला. त्याखाली काही लिहिले नाही.

पुढे काही वर्षांनी ते छातीच्या दुखण्याने गेले. चर्चच्या आवारात मी शेवटच्या ओळीत उभा राहिलो, मनात गीतेचा पंधरावा अध्याय म्हणत. गॅरेज उठले तेव्हा रोझबायनी मला बोलावून विचारले, “यातलं काय हवं, गुरुजी?” मी भोक पडलेला तो पिस्टन मागून घेतला.

आजही लोक मुहूर्त विचारायला येतात. मी आधी त्यांना विचारतो, “काम तयार आहे का?” पिस्टन माझ्या पंचांगावर ठेवलेला असतो. तो उचलल्याशिवाय पान उघडता येत नाही.