श्वास सोडायला शिकले

डॉक्टरांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, “शांताबाई, हा क्षय नाही.”

मला आनंदानं रडू आलं. आठ महिने घरात माझं ताट वेगळं होतं. क्षयच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण डॉक्टरांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

“हा क्रॉनिक ब्रॉन्कायटिस आहे. म्हणजे श्वासनळ्यांची जुनी सूज. नळ्या आतून सुजतात, कफानं भरतात. हा औषधानं दबेल, पण पूर्ण जाणार नाही.”

“मंग मी आता जगत नाही काय?”

“जगाल की. पण त्याच्यासोबत राहायचं कसं, ते शिकावं लागेल.”

आजारासोबत राहणं शिकायचं असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. माझं वय असेल अडतीस.

आम्ही अनसिंगचे. वाशीमच्या एका जिनिंगमध्ये मी चौदा हंगाम काम केलं. कापसातून सरकी वेगळी करायच्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. त्या रेच्यात दिवसभर कापूस टाकायचा. नाकातोंडात कापसाची बारीक धूळ जायची. घरी आलं की चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवायच्या आणि धुरात बसून भाकरी थापायच्या. बिडी मी कधी हातात धरली नाही. तरी डॉक्टर म्हणाले, “धूळ आणि धूर, दोन्ही मिळून बिडीचंच काम करतात.”

पहिली दोन वर्षं नुसता खोकला होता. मग दम लागायला लागला. विहिरीवरून घागर आणताना दोनदा टेकायचे, मग चारदा. पण दमापेक्षा वाईट होती ती भीती. छाती आवळली की मी जोरजोरात हवा ओढायचे आणि जितकी ओढावी तितकी ती कमीच पडायची. ज्यांना हा आजार आहे त्यांना हे सांगायला नको. माणूस पाण्याबाहेर बुडतो म्हणा ना.

वाशीमच्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या, अमरावतीकडच्या. दर गुरुवारी दुपारी त्या आम्हा पाच-सहा दमेकऱ्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवायच्या. मला वाटलं, इंजेक्शन देतील. त्यांनी पहिल्या दिवशी फक्त फुंकर मारायला लावली.

“हवा घ्याची घाई कायले करता? आतली जुनी हवा बाहेर निंगाली तवाच नवी आत जाईन. नाकानं घ्या. ओठ मुरडा, गरम चहा फुकता तसे. हळूहळू सोडा. घ्याले दोन आकडे, सोडाले चार.”

आमच्यात नारायणराव होते, मंगरूळपीरकडचे मोठे शेतकरी. ते उठूनच उभे राहिले. “साठ वर्षं श्वास घेऊन राह्यलो मी. आता तुमी शिकवता?” एवढं बोलताना त्यांना तीनदा थांबावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, “बसा, दादा. दम खा, मंग भांडा.” सगळे हसले. नारायणरावही हसले आणि बसले.

गुरुवारामागून गुरुवार आम्ही शिकत गेलो. ओझं उचलताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. चढावर चार पावलं टाकून थांबायचं, दम लागायच्या आधीच. चूल घराबाहेर, छपरीत न्यायची. आणि रोज सकाळी कफाचा रंग पाहायचा. पांढरा असेल तर ठीक. पिवळा-हिरवा झाला आणि दमही वाढला, तर डॉक्टरांनी घरी ठेवायला दिलेल्या गोळ्या त्याच दिवशी सुरू करायच्या आणि दवाखाना गाठायचा.

चूल हलवायला सासू तयार नव्हत्या. “पावसात भाकरी कुठी करशीन?” आमचे हे रस्त्याच्या कामावर होते. एका गुरुवारी तेही माझ्यासोबत बाकावर बसले, सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता त्यांनी मागच्या भिंतीला पत्रे टाकून छपरी केली. सासूंना म्हणाले, “आता भिजत नाही तुही भाकर.”

त्या हिवाळ्यात एके सकाळी माझा कफ हिरवा दिसला आणि चालताना दम नेहमीपेक्षा जास्त लागला. मी गोळी घेतली आणि पहिल्या बसनं वाशीमला गेले. आदल्या वर्षी अशाच दुखण्यात अकरा दिवस खाटेवर होते, ऑक्सिजन लावला होता. यंदा डॉक्टरांनी छाती तपासली आणि म्हणाले, “अर्धं काम तुम्हीच करून आलात.” संध्याकाळी मी घरी होते.

खरी परीक्षा झाली ती मंगरूळपीरला, माझ्या बहिणीच्या मुलीच्या लग्नात. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढे अगरबत्त्यांचे जुडगेच्या जुडगे लावले होते. मांडव कोंदट झाला आणि माझी छाती एकदम आवळली. बायका धावल्या. कोणी कांदा आणला, कोणी मला आडवं करायला लागलं. कोणी रडायलाही लागलं.

मला बोलता येत नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं. हे पुढे आले, म्हणाले, “हात लावू नका तिले. बाजूले व्हा, हवा येऊ द्या.” मला मांडवाच्या कडेला नेऊन खुर्चीवर बसवलं. मी पुढे वाकले, कोपरं मांड्यांवर टेकली, ओठ मुरडले. घ्यायला दोन, सोडायला चार. हे शेजारी उकिडवे बसून हळू आवाजात आकडे म्हणत होते. भीती होतीच, पण या वेळी करायला हाती काहीतरी होतं. वीसेक मिनिटांत आवळलेली छाती सुटली. भाचीच्या लग्नाची मंगल गाथा मी बसल्या जागी ऐकली आणि पोटभर जेवले.

माझ्यासारख्यांना एवढंच सांगते. हा आजार माझा गेलेला नाही. जिनिंग सुटलं, घागर आता लेक आणते. पण मी त्याला ओळखते, त्याची चाहूल मला आधी लागते. सिस्टरांची पुढे बदली झाली. जाताना मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, “वाकताना श्वास सोडा, बाई.” गुरुवारचा बाक आम्ही अजून मोडला नाही. नव्या माणसाला आकडे मोजून द्यायला नारायणराव सगळ्यांत पुढे असतात.

त्या दिवशी भाचीचं लग्न आटोपून आम्ही मंगरूळपीरच्या स्टँडवर आलो, तेव्हा वाशीमची बस सुटायच्या बेतात होती. कंडक्टरनं घंटी मारली. हे म्हणाले, “धावतं काय?”

“नाही,” मी म्हटलं. “जाऊ द्या तिले.”

बस गेली. आम्ही दोघं कट्ट्यावर बसलो, चहा घेतला आणि दुसऱ्या बसनं निवांत घरी आलो.