बिनचेहऱ्याचा बोर्ड

नवं राज्य झालं तेव्हा रायपुरात सगळ्यात जास्त काम कोणाला मिळालं असेल तर माझ्या मामांना. मामा पेंटर. जीपची दारं, ऑफिसांच्या पाट्या, शाळांच्या भिंती, जिथे म्हणून ‘मध्यप्रदेश शासन’ होतं तिथे रंग फासायचा आणि वर ‘छत्तीसगढ़ शासन’ लिहायचं. मी त्याच शासनात कारकून होते, भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे सोडत बसायची. मामा म्हणायचे, “तू आतून राज्य चालव पोट्टी, मी बाहेरून रंगवून राहिलो.”

पण त्यांचं खरं काम टॉकीजचं. रिक्षाला भोंगा बांधून गल्लोगल्ली हँडबिलं उधळायचे त्या काळापासून ते सिनेमाचे बोर्ड रंगवत आले होते. सिनेमात एक पिस्तूल असेल तर बोर्डावर चार पाहिजेत, नायिका एकदा रडली तर बोर्डावर धारा पाहिजेत, असा टॉकीजवाल्यांचा हुकूम असायचा. मामा मुकाट काढायचे आणि घरी येऊन बडबडायचे. लोकांना फसवायचे पैसे घेतो आपण, हे त्यांचं पालुपद. मी ते कधी मनावर घेतलं नाही. पेंटर माणूस, बोलायचाच.

राजधानी झाली म्हटल्यावर राजधानीला शोभेल असं काहीतरी करायला नको का! म्हणून आम्ही ऑफिसातल्या दहा-बारा जणांनी सिनेमा क्लब काढला. सदर बाजाराजवळच्या एका टॉकीजने रविवारची सकाळ दिली. पहिला सिनेमा ठरला तो युरोपातला, खूप जुना. रिळांच्या पेट्यांबरोबर त्याचं मूळ पोस्टरही आलं, घड्यांवर विरलेलं. बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या घरी मी ते फरशीवर पसरलं आणि चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, खलबत्ता, इस्त्री आणि पाटा ठेवला.

मागे सगळा पिवळा रंग. मधोमध एक रिकामी खुर्ची. तिच्या पाठीवर टाकलेला कोट, त्याची एक बाही पार जमिनीपर्यंत लोंबलेली. खाली हाताने काढलेली तिरकी अक्षरं, आमच्यापैकी एकालाही न वाचता येणारी. बस्स. मला हसूच फुटलं. मामांना म्हटलं, “पाहा, यांना हिरोच सापडला नाही.”

मामा हसले नाहीत. चष्मा काढून, गुडघे टेकून, नाक कागदाला लागेल इतके जवळ गेले.

“ही बाही पाह्य,” ते म्हणाले. “कोणीतरी आत्ताच उठून गेलं. किती कमी काढलं बाप्पा यानं, अन् सारं सांगून टाकलं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “हा बोर्ड मले काढू दे. जसाच्या तसा. काहीच न जोडता. आयुष्यात एकदा तरी.”

गुढ़ियारीतल्या आपल्या शेडमध्ये त्यांनी चार दिवस लावले. एरवी दिवसात दोन बोर्ड हातावेगळे करणारा माणूस! पिवळा रंग तीनदा खरवडून पुन्हा लावला. मी बघायला गेले तेव्हा खुर्ची माझ्या डोक्याहून उंच झाली होती, आणि खरं सांगते, तिच्यासमोर मी आवाज खाली आणून बोलले.

तिथून मूळ पोस्टर घेऊन टॉकीजवर गेले, तर मॅनेजरने ते बघून कपाळाला हात लावला. “मॅडम, खाली कुर्सी देखने कौन आएगा? हॉल नहीं भरा तो अगला इतवार भूल जाइए.”

माझं धाबं दणाणलं. पेटीत सिनेमाचे काही फोटो होते, त्यात एक देखणी बाई होती. तो फोटो घेऊन मी तशीच मामांकडे परत गेले. म्हटलं, हिचा चेहरा काढा, मोठा, डोळ्यात पाणी.

“काहून?” मामा म्हणाले. “त्या खुर्चीत कोणी नाही, तेच तर आहे पोट्टी.”

मी चिडले. माझं डोकं तापायला वेळ लागत नाही. आणि मग मी ते केलं जे करायला नको होतं. छत्तीसगडात भाचीला देवाचा मान. मामा तिच्या पाया पडतो, तिचा शब्द खाली पडू देत नाही. आम्ही विदर्भातले, पण मामांनी ही रीत मनापासून उचलली होती. लहानपणी या हक्कावर मी त्यांच्याकडून गोळ्या-बिस्किटं उकळली होती. त्या दिवशी म्हटलं, “भाची मागते आहे, नाही म्हणणार का?”

मामांनी एकदा बोर्डाकडे पाहिलं. “हव,” म्हणाले आणि ब्रश उचलला.

हॉल खचाखच भरला. पडद्यावर ती देखणी बाई पहिल्या पाच मिनिटांत बॅग उचलून निघून गेली ती गेलीच. लोकांनी मध्यंतरापर्यंत वाट पाहिली, मग शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, “अरे, हिरोइन को बुलाओ!” पण तिकिटं खपली होती, मॅनेजर खूश, क्लब वाचला. मी पेढे वाटत हिंडत होते. मामा मागच्या भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभे होते. बाहेर पडताना एवढंच बोलले, “खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली.” मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि पुढे गेले.

काही महिन्यांनी दुसरा सिनेमा आला. त्याच्या पोस्टरवर काठाला बांधलेली नाव, माणूस एकही नाही. एव्हाना क्लबाचं नाव झालं होतं, चेहरा कोणी मागितला नाही. शहरात फ्लेक्सचं मशीन आलं होतं. मॅनेजर म्हणाला, एक दिन में हो जाएगा. मी हो म्हटलं. मामांना सरकारी पाट्यांतून फुरसत कुठे, अशी मनाची समजूतही घातली.

फ्लेक्स चढवत होते तेव्हा मी खाली उभी होते. मामांची स्कूटर आली आणि थांबली. मागे रंगाचे डबे बांधलेले. आता हे बोलणार, आणि बोलायलाच हवं होतं.

मामांनी मान वर करून सगळा फ्लेक्स नीट पाहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“छान झालं पोट्टी,” ते म्हणाले. “जसाच्या तसा आला. काहीच जोडलं नाही.” त्यांचा चेहरा खरंच खुलला होता. मग किक मारून ते पुढे पाट्या लिहायला गेले.

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते, आणि मला बरं वाटलं असतं.