फाटकापुढं बंद पाडलेली जीप

परवा नातीच्या नव्या गाडीतून जळगावात येत होतो. सिग्नलला गाडी थांबली आणि इंजिनच गप्प झालं. घरघर नाही, थरथर नाही. पुढं मी, मागं माझे दीर. त्यांचे कान आता निम्मेच चालतात, पण ही शांतता मात्र त्यांना बरोबर ऐकू आली.

"वहिनी," मागून आवाज आला, "आता काय ओढलंत?"

मी दोन्ही हात वर करून दाखवले. तोवर दिरांनी दार उघडून एक पाय डांबरावर टेकवलाही होता. ढकलायला. नात म्हणाली, "आजोबा, पाय आत घ्या. गाडी आपोआप बंद होते आणि आपोआप सुरू होते." हिरवा दिवा लागला, गाडी खरंच सुरू झाली. त्यांनी पाय आत घेतला, पण घर येईपर्यंत त्यांचं लक्ष रस्त्यावर नव्हतं, माझ्या हातांवर होतं.

त्याला कारण आहे. ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी याच दिरांचं लग्न निघालं होतं. आम्ही जामनेरचे, मुलगी भडगावची. मी त्या घरात नवी सून. धुळ्यात वाढलेली, कॉलेज केलेली, आणि जगाला शहाणं करायचं काम आपल्याकडेच दिलंय अशा थाटात वावरणारी. तेव्हाचा माझा एक फोटो आहे. मान इतकी ताठ की फोटोवाल्यानं सांगूनही खाली आली नसावी.

लग्नाला एक अट होती. मुलीचे आजोबा मुहूर्ताचे कडक. आमच्याकडे लग्न लागण्याला टाळी लागणं म्हणतात, आणि ती सूर्य मावळतानाच्या गोरज मुहूर्तावरच लागली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यांच्या थोरल्या नातीच्या लग्नात नवरदेवाकडचे नाचत नाचत उशिरा आले, तर म्हाताऱ्यानं टाळी दुसऱ्या दिवसावर ढकलली होती. सगळं वऱ्हाड शाळेच्या वर्गांमध्ये बाकं सरकवून झोपलं. ही हकीकत आमच्या घरात रोज कोणीतरी सांगायचं. त्यामुळे माझे सासरे वऱ्हाडाचा ट्रक घेऊन दुपारीच पुढं गेले. मागून जीपमध्ये नवरदेव, सासूबाई आणि मी. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे, मीही.

जीप भाड्याची, डिझेलची. तिचे मालक आणि ड्रायव्हर एकच, भडगावकडचे नाना. जीपला बॅटरी होती, पण ती नुसती बसून असायची. स्टार्टर मारला तर एक कण्हल्यासारखा आवाज यायचा. म्हणून नाना जीप कायम उतारावर लावत. कोणत्या गावात कुठं उतार आहे, हे त्यांना देवळांपेक्षा जास्त ठाऊक. सकाळी उतारावरून सोडायची, गिअर टाकायचा, घुर्र करून सुरू झाली की संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही. जेवतानाही बाहेर जीप धडधडत उभी.

मला हे बघवेना. पेट्रोल पंपावर पाटी असायची, थांबताना इंजिन बंद करा, इंधन वाचवा. मी ती वाचलेली. नुसती वाचून थांबले असते तर बरं झालं असतं.

पाचोऱ्यापाशी रेल्वेच्या मेन लाईनचं फाटक लागलं, आणि ते बंद. आमच्यापुढं कोणी नाही, मागं रांग लागत गेली. नाना खाली उतरले. फाटकाशी ड्रायव्हर लोकांची बैठकच बसायची. तंबाखू मळायची, गाड्यांच्या तक्रारी सांगायच्या. जीप मागं धडधडतेय, धूर थेट अक्कांच्या नाकात.

"नाना, गाडी बंद करा ना," मी आतून म्हटलं. "कशाला डिझेल जाळता?"

नाना हसले. "सूनबाई, हाई गाडी बंद करानी नही." आणि तंबाखू मळत पुढं गेले.

मला वाटलं, गावाकडची सवय. आदल्या संध्याकाळी आमच्या अंगणात जीप लावताना नानांनी स्टिअरिंगखालची एक काळी मूठ ओढली आणि इंजिन बंद झालं, हे मी पाहिलेलं. स्टॉपर म्हणतात त्याला. मी मागच्या सीटवरून ड्रायव्हरच्या सीटवर वाकले आणि ती मूठ ओढली.

इतकी शांतता मी त्याआधी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये ऐकली होती. फाटकापाशी उभ्या सगळ्या माणसांनी एकदम वळून पाहिलं. नानांच्या तळहातावरची तंबाखू तशीच राहिली. दिरांच्या हातातली, टोकाला लिंबू खोचलेली कट्यार माझ्याकडे वळली.

नाना आले, आत डोकावले, मुठीकडे पाहिलं. "हाई कोनी वढं?"

"मी," मी म्हटलं. अजूनही आवाजात जरा अभिमान होता, हे सांगायला आता लाज वाटते आणि हसूही येतं. "आता बघा, धूर बंद झाला की नाही."

"धूर बंद झाया," नाना शांतपणे म्हणाले. "आते लगीन बी बंद."

मग मला बॅटरीची हकीकत कळली. फाटकाकडे चढ होता, जीप चढाला तोंड करून उभी. पुढं ढकलणं शक्य नव्हतं. सूर्य पार खाली आलेला.

एवढ्यात ड्रायव्हर मंडळी जमली आणि प्रत्येकानं आपलं मत दिलं. ट्रकवाला म्हणाला, "बंद केलेलं इंजिन पुन्हा उठताना इतकं डिझेल पितं, की चालू ठेवलेलं परवडतं." एसटीचे ड्रायव्हर म्हणाले, "आम्हाला बंद करा म्हणून सांगतात. पण रस्त्यात उठली नाही तर प्रवाशांच्या शिव्या सांगणारा खातो का?" ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, इंजिन म्हणजे तान्हं लेकरू, गप्प झालं की आधी छातीत धस्स होतं. मोपेड घेऊन उभा असलेला एक धोतरवाला माणूस म्हणाला, "मी तर नेहमी बंद करतो."

"तुमच्या गाडीला पेडल आहे, महाराज," ट्रकवाला म्हणाला. "हिला काय मारायचं, पाय?"

या सगळ्यात माझ्या बाजूनं बोलणारा तो एक मोपेडवालाच. अक्कांनी पदरानं नाक पुसलं आणि बाहेर बघत म्हणाल्या, "शिकलेली पाहिजे म्हणून मीच हटून बसले होते."

रेल्वेगाडी धडाडत गेली, फाटक उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले. नानांनी एकच उपाय सांगितला. रांग मागं घ्यायची, जीप उलटी चढावरून सोडायची आणि रिव्हर्स गिअरमध्ये उठवायची. म्हणजे एसटी, ट्रक, ट्रॅक्टर, मागची सगळी वाहनं मागं. मला वाटलं, आता शिव्या. पण नवरदेव आहे म्हटल्यावर एसटी मागं जायला लागली, ट्रकही. नुकतीच मतं देऊन मला गप्प केलेली तीच माणसं हात हलवून एकमेकांना मागं घ्यायला सांगत होती.

हळद लागलेल्या नवरदेवानं रस्त्यावर उतरायचं नसतं. अक्कांनी ते सांगितलंही. पण जीप जड, माणसं थोडी. मी उतरले, मागोमाग दीर उतरले, कट्यार दातांत धरली आणि बॉनेटला खांदा लावला. मोपेडवाल्यानं मोपेड आडवी घातली, धोतर खोचलं आणि माझ्या शेजारी ढकलायला आला. मला ते तेव्हाच विचित्र वाटलं. बंद दांडीखालून मोपेड तिरकी करून तो केव्हाच पलीकडे जाऊ शकला असता. सगळे जातात. आता तर फाटक उघडंच होतं.

जीप मागं घरंगळली, गचका बसला, गाडीखालून काळा धूर उसळून आमच्या तोंडावर आला आणि ती उठली. आम्ही धावत आत चढलो. त्याच क्षणी फाटकाची घंटा वाजली आणि दांडी पुन्हा खाली आली. मेन लाईन ती, दुसरी गाडी येत होती. कोणीही इंजिन बंद केलं नाही. नाना खाली उतरले नाहीत. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले.

भडगावला पोचलो तेव्हा मांडवात दिवे लागलेले. सासरे दारातच उभे, चेहरा पांढरा. मुलीचे आजोबा खुर्चीवर, काठीवर दोन्ही हात ठेवून. त्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. हळदीवर काजळी, कट्यारीचं लिंबू गायब.

"उशीर का?" त्यांनी विचारलं.

"फाटक बंद व्हतं," नाना म्हणाले. एवढंच. माझ्याकडे पाहिलंही नाही.

आजोबांनी पश्चिमेकडे मान वळवली. तिकडं नुसती राखाडी रेघ उरलेली. मी मनात शाळेतली बाकं मोजायला लागले. तेवढ्यात मागून मोपेडची फटफट आली. तोच धोतरवाला. तोंडाला आमच्यासारखीच काजळी. त्यानं मोपेड भिंतीला लावली, पिशवीतून पंचांग काढलं आणि मांडवात शिरला. ज्याच्याशिवाय टाळी लागणार नव्हती, त्या भटजींनाच मी फाटकावर अडकवून जीप ढकलायला लावलं होतं.

आजोबांनी विचारलं, "महाराज, मुहूर्त गेला ना?"

भटजींनी काळे हात उपरण्याला पुसले. पंचांग उघडलं नाही. "मी रस्त्यानं बघतच आलो," ते म्हणाले. "आहे अजून."

इतक्या अंधारात त्यांनी काय बघितलं, हे आजोबांनी विचारलं नाही. त्यांनी भटजींचं तोंड पाहिलं, मग नवरदेवाचं, मग अक्कांच्या मागं लपलेलं माझं. तिघांची काजळी एकाच गावची आहे, हे न कळण्याइतके ते म्हातारे नव्हते. "शे म्हणतस तर शे," आहे म्हणता तर आहे, एवढंच म्हणाले आणि काठी टेकत उठले. टाळी लागली.

त्यानंतर दिरांचं आणि जाऊबाईंचं जेव्हा जेव्हा वाजायचं, तेव्हा दीर माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "मुहूर्त यांनी चुकवला." जाऊबाई म्हणायच्या, "चुकवला नसता तर काय भांडणार नव्हतात?" आता त्या नाहीत. परवा गाडी बंद झाली तेव्हा दिरांचा पाय बाहेर गेला तो ढकलायलाच, हे मला लगेच कळलं.

नात मात्र वैतागली होती. घरी आल्यावर म्हणाली, "आजी, एक बटण आहे, ते दाबलं की ही बंद व्हायची भानगडच राहत नाही. मी रोज दाबते. आज विसरले."

"का दाबतेस गं?" मी विचारलं.

"बंद झाली की पुन्हा उठेल की नाही, अशी भीती वाटते," ती म्हणाली.

मागून दीर म्हणाले, "ते बटण वहिनींना दाखवू नकोस."